धरणाकाठी मातीला रजा
पूर्णा नदीवरील येलदरी धरण 1968 मध्ये पूर्ण झाले, त्याच्या पायथ्याशी वीजही तयार होते आणि भोवतालची काळी माती पायांना सोडता सोडत नाही. अशा ठिकाणी हायड्रोपोनिक्स, म्हणजे माती वगळून पोषकद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यात रोप वाढवण्याची पद्धत, दिवाणखान्यात सुरू करण्याचा उत्साह कौतुकास्पदच म्हणावा लागेल. आरंभी झाकणाची बादली, जाळीदार कुंडी, मुळांना प्राणवायू पुरवणारा पंप आणि सामू, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, 5.5 ते 6.5 राखण्याचे साहित्य पुरते. अंगणात ऊन फुकट असले तरी एलईडी दिवा विकतच आणावा लागतो. बोअरचे पाणी क्षारयुक्त निघाल्यास धरणाच्या गावात पालकासाठी जार मागवला जातो, आणि भारनियमनात पंप थांबला की बागायतदार पेल्याने पाणी ढवळत बसतो. परसात तोवर कोणी न पेरलेला तांदुळजा वीतभर वाढलेला असतो.