सेवा करू न दिल्याबद्दल अनावृत पत्र

डोमिनिकाच्या ईशान्य किनाऱ्यावरील आमच्या यजमान ग्रामस्थांस,

पत्रास कारण की, २०१८ साली आमची तुकडी तुमच्याकडे सेवा करायला आली होती आणि ती तुम्ही आम्हांला धडपणे करू दिली नाहीत.

१८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया वादळाने तुमच्या बेटावरची बहुतेक छपरं उडवली. पंतप्रधान स्केरिट यांचंही छप्पर गेलं, आणि ते त्यांनी त्याच रात्री फेसबुकवरून जगाला कळवलं. हे वाचून न्यू जर्सीतल्या आम्ही सुशिक्षित मंडळींनी नव्या हातोड्या विकत घेतल्या. (घरात होत्या, पण सेवेची वेगळी असावी.) आणि तुम्ही? तुम्ही आमच्यासाठी एक सुतार नेमलात!

हा गृहस्थ १९७९ च्या डेव्हिड वादळानंतर छपरं घालायला लागला तो अजून थांबलेला नाही. आम्ही लॅपटॉपवर छान दुपाखी छप्पर काढून नेलं होतं, सावलीसाठी ऐसपैस वळचण ठेवून. त्याने ते आदराने पाहिलं आणि काठीने मातीत चौपाखी छप्पर काढलं, वळचण जेमतेम वीतभर. लांब वळचणीखाली वारा शिरतो आणि सगळं छप्पर उचलून नेतो म्हणे. वासे भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी जखडायचे, हेही त्याचंच. आमच्यात दोन इंजिनिअर होते (सॉफ्टवेअरचे असले म्हणून काय झालं?), त्यांचं मत विचारलंसुद्धा नाही. पत्र्याचे स्क्रू आम्ही पन्हळीच्या खळग्यात मारले, कारण तिथे पत्रा लाकडाला टेकतो. पाणीही तिथूनच वाहतं, एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आमचे पत्रे कोंबड्यांच्या खुराड्यावर होते आणि छपरावर नवे, स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर. त्यानंतर आम्हांला शिडी धरायचं काम मिळालं. एक शिडी, सहा माणसं.

दुसरी तक्रार जेवणाची. उपाशीपोटी राबण्याची आमची मानसिक तयारी होती. सोबत प्रोटीन बार होते. ते तुमच्या पोरांनी संपवले आणि आमच्या पुढ्यात तुम्ही निखाऱ्यावर भाजलेला नीरफणस, उकडलेल्या अळकुड्या आणि खारवलेला मासा ठेवत राहिलात. कॅलालू आला तेव्हा आम्ही तिघं मराठी एकमेकांकडे बघायला लागलो. अळूची पानं, नारळाचं दूध. फक्त चिंच-गुळाऐवजी आत खेकडा. शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घातली तर बरं होईल, असं आम्ही स्वयंपाक करणाऱ्या आजींना सुचवलं. त्यांनी आम्हांला आणखी एक वाडगा वाढला. सूचनेवर विचार झाल्याचं दिसलं नाही. मदत करणाऱ्याचं वजन वाढावं, हे कुठल्या सेवेत बसतं?

डॉमिनोबद्दल लिहीत नाही. त्या आठ वर्षांच्या मुलीला आम्ही मुद्दाम जिंकू दिलं, एवढीच नोंद व्हावी.

पण खरा घाव घातलात तो क्रिकेटचा. आम्ही भारतातले म्हटल्यावर सुताराने शिडीवरून खाली बघून विचारलं: २०११ साली रोझोच्या विंडसर पार्कवरच्या कसोटीत तुमच्या संघाला ८६ धावा हव्या होत्या, १५ षटकं उरली होती, सात गडी हातात होते, द्रविड-लक्ष्मण मैदानात होते. मग हस्तांदोलन करून सामना अनिर्णित का सोडलात? सात वर्षं हा प्रश्न मनात ठेवून हा माणूस कुणीतरी भारतीय शिडीखाली सापडायची वाट बघत होता! आमच्यातला एक जण खेळपट्टीबद्दल काहीतरी बोलला. सुतार फक्त ‘सात गडी’ म्हणाला आणि पुढचा स्क्रू मारायला वळला.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा येऊ म्हणतो. त्या खेपेस सुताराला सुट्टीवर पाठवावं, निदान एखादं खुराडं तरी पूर्णपणे आमच्या स्वाधीन करावं. कळावे. लोभ असतोच तुमचा. तो जरा कमी असावा, ही विनंती.

आपले,
शिडीधारक स्वयंसेवक (सहाजण)