चारकोप ते विशनसर: हलक्या गळाचे जड प्रकरण

उंच डोंगरातल्या तळ्यांवर मासे धरण्याचे सामान वजनावरून निवडतात. महाराष्ट्रात हा प्रश्न उद्भवत नाही. कळसूबाईची उंची 1,646 मीटर. तिच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई चढवली तरी काश्मीरच्या विशनसर तळ्याचा काठ त्याहून चारेकशे मीटर वरच राहतो. त्यामुळे या विषयाचे शिक्षण मुंबईतल्या चारकोपच्या माणसाला घरच्या घरी मिळत नाही. सेक्टर संपले की तिवरे लागतात, तिवरांपलीकडे खाडी. तिथे येणाऱ्याच्या पिशवीत तंगूस, शिसे, गरी आणि कोळंबीचे तुकडे असतात. या सगळ्याचे वजन किती भरते असे त्याला विचारले, तर तो विचारणाऱ्याच्याच तब्येतीची चौकशी करतो. पवईला 1891 पासून तलाव आहे आणि हौशी गळवाल्यांची संघटनाही आहे, पण तिथपर्यंत रिक्षा जाते. रिक्षा जिथवर जाते तिथवर सामानाला वजन नसते.

विशनसरला रिक्षा जात नाही. सोनमर्गजवळच्या शितकडीहून चालायला लागायचे, निचनई खिंड ओलांडून विशनसर आणि किशनसर, पुढे 4,200 मीटरच्या आसपासची गडसर खिंड, मग गडसर, सतसर, गंगाबल करत नारानागला उतरायचे. अंतर सत्तर किलोमीटरच्या घरात. तंबू आणि शिधा घोड्यांवर जातो; गळाचे सामान मात्र ज्याची हौस त्याच्या पाठीवर. दृश्ये सुंदर आहेत.

पहिली पायरी म्हणजे सामान वजन करून पाहणे. यासाठी किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चांगला. दुकानदाराला गिऱ्हाईक नसेल अशी दुपारची वेळ गाठावी. काठी, रील, तंगूस, आमिषाचे चमचे, बनावट माश्या, कात्री, चिमटा असे सगळे मिळून सातशे ग्रॅमच्या आत बसले पाहिजे, असे जाणकार मानतात. प्रस्तुत लेखकाने चिमट्याची मूठ कापून अकरा ग्रॅम वाचवले. कमरेभोवती वर्षानुवर्षे साठवलेल्या सामानाची नोंद या हिशेबात करण्याची पद्धत नाही, आणि दुकानदारानेही तो विषय काढला नाही.

दुसरी पायरी काठीची. अखंड काठी बाद, कारण ती डहाणूकरवाडीच्या मेट्रोतच अडते, निचनईची गोष्ट दूर. उरतात दोन जाती. चार तुकड्यांची काठी प्रत्येक तुकडा दुसऱ्याच्या तोंडात बसवून जोडतात. दुर्बिणीसारखी मिटणारी काठी एका बुंध्यातून निघते. दुसऱ्या जातीतला सर्वांत हलका प्रकार जपानी तेंकारा. तिला रील नसते. टोकाला दोरा बांधायचा, दोऱ्याला कृत्रिम माशी. उघडल्यावर साडेतीन मीटरच्या आसपास, मिटल्यावर अर्धा मीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आत. कागदावर या काठीला तोड नाही, म्हणून प्रस्तुत लेखकाने तीच नेली. पाठपिशवीच्या खिशात ती छत्रीच्या जागी मावते, आणि बांद्रा टर्मिनसच्या हमालापासून श्रीनगरच्या हॉटेलवाल्यापर्यंत कोणीही हे काय म्हणून विचारत नाही.

इथे या काठीच्या रचनेचे थोडे विवेचन आवश्यक आहे. तिची प्रत्येक नळी निमुळती असते. ओढली की पुढच्या नळीचा जाड बुंधा मागच्या नळीच्या अरुंद तोंडात घट्ट रुततो आणि निव्वळ घर्षणावर जागेवर राहतो. त्या सांध्यात बारीक वाळू किंवा ओल शिरली की पकड वाढते. वर गारठा पडला की ओल गोठते. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी विशनसरच्या काठी पाऊस आला, रात्री पारा शून्याखाली उतरला आणि सकाळी काठी मिटेना. तंबू उतरवले गेले, घोडे लादले गेले, चहाची भांडी धुतली गेली. काठी साडेतीन मीटरच राहिली.

अशा वेळी करायचे उपाय ठरलेले आहेत. काठी उभी धरून बुंधा सपाट दगडावर हलके आपटावा. ते साधले नाही तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना रबर गुंडाळून, पीळ न देता, सरळ रेषेत आत ढकलावे. तेही नाही, तर बाहेरची नळी गरम करावी, म्हणजे ती फुगून आतली सुटते. गरम करायला हाताचा तळवा पुरतो असे पुस्तकात असते. शून्याखालच्या सकाळी तळव्यालाच कोणीतरी गरम करावे लागते हे पुस्तकात नसते. शेवटचा उपाय लोकमत. पथकातल्या बोरिवलीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी खोबरेल तेल सुचवले. ते त्यांच्याकडेही गोठून पांढरे झाले होते. पुण्याच्या एका दांपत्याने काठी मुळात उघडायलाच नको होती असे मत दिले आणि ते गंगाबलपर्यंत दर मुक्कामाला पुन्हा दिले.

मिटत नसलेली काठी खिंडीवरून नेणे हा स्वतंत्र विषय आहे. घोड्यावर बांधली तर टोक डोळ्यांसमोर हलते आणि घोडा बुजतो, म्हणून घोडेवाल्यांनी नकार दिला. आडवी धरली तर पुढच्या माणसाच्या मानेला लागते, मागे झुकवली तर मागच्याच्या. उभी धरली तर वारा तिला पकडतो आणि धरणाऱ्याला गडसरकडे न नेता आल्या वाटेने किशनसरकडे परत नेऊ पाहतो. त्यातच दुपारी ढग आले. काठी कार्बनची, आणि कार्बनमधून वीज उत्तम वाहते. वीजवाहक तारेखाली किंवा वादळात अशी काठी उभी धरू नये ही सूचना सगळीकडे असते. पथकाच्या नेत्याने शास्त्राला धरूनच निर्णय दिला: काठीवाल्याने बाकीच्यांपासून पन्नास पावले लांब चालावे. नव्या नियमाचे पालन इतक्या उत्साहाने झाले की ते अंतर लवकरच शंभर पावलांवर गेले. खिंडीच्या माथ्यावर सगळ्यांचे सामूहिक छायाचित्र निघाले. त्यात प्रस्तुत लेखक नाही, पण उजव्या कोपऱ्यातून एक काळी रेघ आत आलेली आहे. पुढच्या एका तपासणी नाक्यावर ही रेघ कोणत्या यंत्रणेचा अँटेना आहे याचा खुलासा करावा लागला. पाण्याची बाटली, आधार कार्ड आणि बनावट माश्यांची डबी असे पुरावे मांडल्यावर पहारेकऱ्याने माश्या एकेक करून पाहिल्या, एक आवडली म्हणून पुन्हा पाहिली, आणि वाट मोकळी केली.

गडसरच्या उतारावर वाट सुट्या दगडांची आहे आणि तिथे दोन्ही हात मोकळे लागतात. घोडेवाल्यांपैकी सर्वांत वयस्क माणूस, ज्याने सकाळी सर्वांत मोठ्याने नकार दिला होता, तो मागे थांबला, न विचारता काठी घेतली आणि सगळा उतार ती अशी उतरवली की टोकाला एक दगड लागला नाही. खाली आल्यावर त्याने ती तंबूला टेकवली आणि घोड्यांना मीठ द्यायला गेला. त्याचा विषय त्याने काढला नाही, आणि दुसऱ्याला काढूही दिला नाही.

सांधा शेवटी सुटला तो सतसरच्या उन्हात, दोन रबरी चपला दोन बाजूंनी आवळून, दोन माणसांनी ढकलल्यावर. बाकीचे सांधे पाठोपाठ आपोआप गेले. एका नळीला केसाएवढी चीर पडली होती. निष्कर्ष असा की चार तुकड्यांची, सहा फुटी, हलक्या वजनाची काठी पन्नास-साठ ग्रॅम जड असली तरी तीच घ्यावी. तिचा एक सांधा अडला तर एकच अडतो, आणि सांध्याला मेणबत्तीचे मेण चोळले की बहुधा तोही अडत नाही.

रीलचा विषय लहान आहे. हजार नंबरचे, दोनशे ग्रॅमच्या आसपासचे पुरते. बॉक्सवर काय लिहिले आहे ते वाचू नये. तंगूस दोन ते अडीच किलोचा ताण सोसणारे असावे. तळ्याचे पाणी काचेसारखे असते आणि जाड दोरा माशाला दिसतो. गुंतलेला तुकडा कापला की तो खिशात ठेवून परत आणायचा. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. पाखरांच्या आणि घोड्यांच्या पायांत अडकतो. तो काठावर टाकून जाणारा माणूस अडाणी नसतो, गरीब नसतो. त्याच्याकडे सर्वांत महागडे रील असते आणि निसर्गावर बोलायला त्याला वेळही असतो. त्याच्या पिशवीत मावला नाही असा तो तुकडा एक ग्रॅमचाही नसतो.

आमिषात तीन ते सात ग्रॅमचे धातूचे चमचे घ्यावेत, थोड्या माश्या, आणि पाणी भरता येईल असा एक पारदर्शक बोया. रिकामा असताना बोयाला वजन नाही. तळ्यावर पाणी भरले की त्याच्या जोरावर हलकी माशी दूर जाते. दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा नुसती माशी फेकणाऱ्याच्याच टोपीला लागते. झाडांची हद्द खाली राहिल्याने मागे फांद्या मात्र नसतात. मासे काठाजवळच, जिथे ओहोळ आत येतो किंवा तळ एकदम खोल होतो, तिथे फिरतात. पाण्यावरची चकाकी घालवणारा चष्मा इतर कोणत्याही वस्तूआधी पिशवीत टाकावा.

लागणारा मासा म्हणजे ब्राउन ट्राउट. तो इथला नाही. 1899 मध्ये इंग्लंडहून आलेली अंडी वाया गेली. 1900 मध्ये स्कॉटलंडहून आलेली जगली, श्रीनगरजवळ हारवनला वाढवली गेली, आणि पुढे माणसांनीच मासे वरच्या तळ्यांपर्यंत पोचवले. वर्षातले कित्येक महिने डोक्यावर बर्फ, उन्हाळा आखूड, खाणे बेताचे. वीतभर मासाही काही वर्षांचा असू शकतो. अंगावरचे तांबडे ठिपके ओल्या हातातच पाहावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. गरीचा काटा चिमट्याने आधीच दाबून टाकला असेल तर सोडायला क्षणभर लागतो. चिमट्याला मूठ असलेली बरी.

तळून खायचा असेल तर हिशेब वेगळा. वर सरपण नाही, म्हणजे स्टोव्ह, गॅस, तवा, तेल, रवा, हळद, तिखट आणि लिंबू. इथे सातशे ग्रॅमचा नियम मोडतो, आणि घोडेवाल्याशी पुन्हा बोलणे आले.

मत्स्य खात्याचा परवाना चालायला लागण्याआधीच काढावा. त्यावर हंगाम, आमिषाचा प्रकार आणि माशांची मर्यादा दिलेली असते; ती वाचूनच चमचे घ्यायचे की फक्त माश्या हे ठरवावे. परवान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाबरोबर वरच्या कप्प्यात ठेवावा.