जगबुडी आणि लॅचची किल्ली

जगबुडीनंतरच्या कादंबऱ्या वाचणारा माणूस घरच्यांना फार जड जातो. दूध उतू चाललं तरी तो पुस्तकातून मान वर काढत नाही, कारण तिकडे अख्खं लॉस एंजेलिस उतू गेलेलं असतं. आमच्या घरात तो माणूस मी. महामारी, अणुयुद्ध, राखेचा पाऊस, सगळं यथासांग पार पडलं की मी चष्मा पुसतो आणि चहा मागतो.

या कादंबऱ्यांत माझं लक्ष असतं घरांवर. रिचर्ड मॅथेसनच्या ‘आय ॲम लेजंड’मधला (१९५४) रॉबर्ट नेव्हिल स्वतःच्या घराच्या खिडक्यांवर फळ्या ठोकतो, लसणाच्या माळा टांगतो आणि रात्री एक रक्तपिपासू शेजारी बाहेरून हाका मारत असताना आत रेकॉर्ड लावून दारू पीत बसतो. सोसायटीच्या वार्षिक सभेहून परतल्यावर मलाही नेमकं हेच करावंसं वाटतं. जॉर्ज स्ट्युअर्टच्या ‘अर्थ अबाइड्स’मध्ये (१९४९) इश आईवडिलांच्या घरी परततो. माणसं संपली तरी त्या घराच्या नळाला पुढे कितीतरी वर्षं पाणी येत राहतं. टँकरवर जगणाऱ्या आमच्या सोसायटीत हा भाग कुणाला पटणार नाही. आणि कॉर्मॅक मॅकार्थीच्या ‘द रोड’मध्ये (२००६) उपाशी बापलेकाला एक तळघर सापडतं, डबाबंद अन्नाने गच्च भरलेलं. तिथे मी पुस्तक मिटलं आणि यादी करायला घेतली.

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो, त्यामुळे तळघराऐवजी माळा. त्यावर पाण्याचे कॅन, मेणाचा कागद, दोरी आणि डबाबंद अन्न चढवलं. मराठी घरात डबाबंद अन्न म्हणजे काय, तर रसगुल्ले, अननसाच्या चकत्या आणि आमरस. मुंज काढल्यासारखा साठा झाला.

“हे उघडणार कशाने?” बायकोने खालून विचारलं. “आपल्याकडे ओपनर नाहीये.”

“आणू की.”

“कधी? जग बुडाल्यावर?”

मग एका पावसाळी रात्री, ती बहिणीकडे साताऱ्याला गेलेली असताना, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठ्ठा आवाज करून गेला. पंप बंद, लिफ्ट बंद, समोरची इमारत काळीठिक्कर. मला आनंद झाला. इतकी वर्षं वाचलेलं अखेर कामी येणार होतं! फक्त मेणबत्ती सापडेना. फोन लावला.

“बोर्नव्हिटाच्या डब्यामागे बघा.”

“बोर्नव्हिटाच्या डब्यात तूरडाळ आहे.”

“मग कुठे असणार? बोर्नव्हिटा लोणच्याच्या बरणीत आहे. डब्यामागे संक्रांतीच्या वाणाची पिशवी आहे, तिच्यात मेणबत्त्या. काड्यापेटी देवघराच्या खणात. आणि चहाचा विचार असेल तर साखर ‘रवा’ लिहिलेल्या डब्यात–”

इथे बॅटरी संपली. ‘रवा’ लिहिलेले डबे दोन निघाले. एकात पोहे होते. दुसऱ्यातली चिमूट जिभेवर ठेवली, ते मीठ होतं. या घराच्या कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून जातात आणि मला त्यातला मिठाचा डबासुद्धा चव घेऊन ओळखावा लागतो.

मार्लेन हाउसहोफर ही ऑस्ट्रियन लेखिका मी नको तितक्या घाईने वाचली होती. तिच्या ‘दी वांड’मध्ये (१९६३) एक बाई चुलतबहिणीसोबत डोंगरातल्या शिकारी बंगलीवर जाते. सकाळी उठते तर जगाच्या आणि तिच्यामध्ये एक अदृश्य भिंत, आणि पलीकडे माणसं-जनावरं जिथल्या तिथे थिजलेली. मग कुत्रा, मांजर, एक गाभण गाय आणि ही. बटाटे लावायचे, गवत कापायचं, लाकडं फोडायची, धार काढायची. माझ्या मते या सगळ्या पुस्तकांत सरस हेच. बाकीच्यांना घर म्हटलं की आधी दाराची कडी आठवते. हाउसहोफरचं घर पहाटे गोठ्यात सुरू होतं आणि ते एक दिवस जरी थांबलं तरी उरणार नाही. मी मात्र त्यातलं एकच पात्र मनात धरलं होतं: बहिणीचा नवरा ह्यूगो. त्याने युद्धाच्या धास्तीने त्या बंगलीत आधीच सामान भरून ठेवलेलं असतं. शहाणा माणूस, असं मी समासात लिहिलंसुद्धा होतं. पण तो आदल्या संध्याकाळी बायकोबरोबर खालच्या गावात जातो आणि भिंतीपलीकडेच राहतो. त्याचा साठा त्याच्या मेव्हणीला पुरतो.

हे मला आठवलं ते जिन्यात. आमरसाचा डबा घेऊन मी समोरच्या काकूंकडे ओपनर मागायला बाहेर पडलो, वाऱ्याने दार धाडकन आपटलं आणि लॅच लागलं. पाण्याचे कॅन आत, दोरी आत, किल्ली आत. मी बनियनवर.

जिन्यात एव्हाना सगळा मजला पायऱ्यांवर येऊन बसला होता. एमिली सेंट जॉन मँडेलच्या ‘स्टेशन इलेव्हन’मध्ये (२०१४) अडकलेले प्रवासी विमानतळावरच संसार थाटतात आणि त्यांच्यातला एक जण जुन्या जगातल्या निरुपयोगी वस्तूंचं संग्रहालय मांडतो: क्रेडिट कार्डं, फोन, उंच टाचांचे बूट. त्यात माझा फोन चालला असता, आणि खरं तर मीही. काकूंकडे ओपनर नव्हताच. त्यांनी स्क्रूड्रायव्हर डब्यावर टेकवला, वर बत्ता हाणला आणि आमरसाची पहिली चिळकांडी माझ्या बनियनवर आली. उरलेला वाट्यांतून फिरला. चौथ्या मजल्यावरच्या मुलाने दोनदा घेतला. वार्षिक सभेत माझ्यावर ओरडणारे खजिनदार “छान आहे हो” म्हणाले.

दिवे आले तशी मंडळी आपापल्या दारांत गेली. मी माझ्या दाराशी, लॅचकडे बघत.

“अहो, जा ना आत,” काकू म्हणाल्या.

“किल्ली आत राहिलीय.”

“मग? तुमची एक किल्ली असते की आमच्याकडे. ती गावाला जाताना दर वेळी देऊन जाते.”

“मगाशी का नाही बोललात?”

“मला वाटलं गप्पा मारायला आलात. कधी येत नाही, म्हटलं बसू दे जरा.” त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली, पण हातात ठेवली नाही. “थांबा. देण्याआधी विचारायला सांगितलंय तिने. गॅस बंद आहे ना?”

बंदच होता. लायटर सापडला असता तर पेटवला असता.