हेल्मेट घालून गॅलरीत

परवा रविवारी सकाळी मी हेल्मेट घालून गॅलरीत बसलो होतो. समोरच्या गॅलरीतला सहा-सात वर्षांचा मुलगा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "काका, कुठे निघालात?"

"कुठेच नाही रे."

त्याने प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत पळत जाऊन आरोळी ठोकली, "आई, काका खुर्ची चालवतायत!"

पुण्यात रस्त्यावर हेल्मेट घालायला माणसं तयार नसतात, आणि मी ते घरात घालून बसलेलो. त्यामुळे दोष त्या मुलाचा नव्हता. दोष द्यायचाच तर आमच्या शेजारच्या सोसायटीला देता येईल. ती पुनर्विकासाला गेली आहे. चाळीस वर्षांची तीन मजली इमारत पाडून तिथे बारा मजली होणार, आणि तोवर ब्रेकर नावाचं यंत्र सकाळी नऊपासून आमच्या दाढा हलवणार. आपलीही सोसायटी लवकरच पुनर्विकासाला जावी म्हणून आम्ही धडपडतो आहोत, हे त्या आवाजात एकमेकांना ओरडून सांगतो.

बरं, ब्रेकर एकटा असता तर चाललं असतं. पहाटे कोकीळ सुरू होतो. कवींनी कोकिळेचं कौतुक केलं, पण ओरडतो तो नर, आणि साडेचारला ओरडतो. मग कचऱ्याची गाडी गाणं म्हणत येते. भंगारवाला पूर्वी स्वतः ओरडायचा, मधून मधून दम घ्यायचा. आता त्याने आवाज ध्वनिमुद्रित करून कर्ण्यात भरलाय. घशाला विश्रांती, कानाला जादा काम. कोणी गाडी मागे घ्यायला लागला की ती गाडी सगळ्या गल्लीला सुरात कळवते. आणि कुकरच्या शिट्ट्या! आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत. कुणाकडे डाळ, कुणाकडे छोले, हे मी शिट्ट्यांच्या संख्येवरून सांगू शकतो.

मग मी अभ्यासाला लागलो. मध्यमवर्गीय माणसाला त्रास झाला की तो आधी नियम शोधतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं आणि घरभर फिरलो. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट होते, हेही वाचून ठेवलं होतं. स्वयंपाकघरात मिक्सरजवळ आकडा ८६ वर गेला. मी तो हिला दाखवला.

"म्हणजे कायद्याप्रमाणे चटणी पाट्यावर वाटायची," ही म्हणाली. "बसा. वरवंटा माळ्यावर आहे."

ॲप त्याच दिवशी काढून टाकलं.

मला वाटतं, पुण्याने शांततेचा एक प्रश्न फार पूर्वी सोडवला होता आणि जगाने त्याचा विनोद करून टाकला. 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.' या पाटीवर इतके लोक इतकी वर्षं हसले, की पुणेकरही तिला लाजू लागला. पण बघा, डेसिबल नाही, पोलीस नाही, शंभर मीटर नाही. नुसती एक पाटी, आणि तीन तास रोज. सरकारी शांततेची तऱ्हा वेगळी. ३० जानेवारीला अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध राहायचं असतं. ती सुरू होणार हे कळावं म्हणून मिनिटभर भोंगा, आणि संपली हे कळावं म्हणून पुन्हा मिनिटभर भोंगा. दोन मिनिटांच्या शांततेला दोन मिनिटांचा भोंगा लागतो. व्यवहार चोख आहे. शोकसभांतलं मौन मात्र दोन मिनिटांचं कधीच नसतं. चाळिसाव्या सेकंदाला अध्यक्ष खाकरतात.

मित्राने इगतपुरी सुचवली. धम्मगिरीला दहा दिवस विपश्यना. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, फोन जमा करायचा. हा मित्र स्वतः जाऊन आला होता आणि आर्यमौनाने आपण किती आतून शांत झालो, हे त्याने मला साडेतीन तास सांगितलं. मला मधे एक वाक्य बोलू दिलं नाही. मी घरी विषय काढला तेव्हा ही म्हणाली, "जाऊन या ना. दहा दिवस बरे जातील." कुणाचे, ते तिने सांगितलं नाही.

वेताळ टेकडीही करून पाहिली. पहाटे तिथे मोर असतात. मोराचा आवाज ज्याने जवळून ऐकलाय तो त्याच्या पिसाऱ्याबद्दलच का बोलतो, हे मला आता कळलं. शिवाय शर्टाच्या खिशात फोन ठेवून, त्यावर भक्तिगीतं लावून चालणारे ज्येष्ठ नागरिक. निसर्गाच्या सान्निध्यात यायचं तर निसर्गालाही काही ऐकवावं, असं त्यांना वाटत असावं. एकाला मी नम्रपणे म्हटलं, "जरा हळू लावता का?" त्यांनी हात कानामागे धरला आणि विचारलं, "काय?"

अशा रीतीने मी हेल्मेटापर्यंत आलो. ते सापडलं सिग्नलला. इंजिन बंद करून उभा होतो, आणि जाणवलं की बाहेरचा गोंगाट दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा झालाय. घरी आणून वापरून पाहिलं. ब्रेकर लांब गेला खरा, पण लगेच दुसरंच काही ऐकू येऊ लागलं. माझा श्वास. माणूस इतका सूं-सूं करत जगतो हे मला माहीत नव्हतं. मान वळवली की काहीतरी कुरकुरतं. जॉन केज नावाचे अमेरिकन संगीतकार १९५१ च्या सुमारास हार्वर्डमधल्या एका प्रतिध्वनी न उठणाऱ्या खोलीत संपूर्ण शांतता ऐकायला गेले होते. तिथे त्यांना दोन आवाज आले, एक बारीक, एक जाडा. बाहेर आल्यावर तिथल्या अभियंत्याने सांगितलं, बारीक तुमच्या मज्जासंस्थेचा आणि जाडा तुमच्या रक्ताचा. पुढच्याच वर्षी त्यांनी अशी रचना केली की वादक पियानोपाशी बसतो आणि चार मिनिटं तेहेतीस सेकंद काहीच वाजवत नाही. आमच्या सोसायटीत तिचे प्रयोग जरूर व्हावेत.

आमच्याकडे वरच्या मजल्यावर तबला आहे. कॉलेजात जाणारा मुलगा, संध्याकाळी तीनताल घोटतो. दायाँ काही खाली पोचत नाही, छतातून उतरतो तो फक्त डग्गा. मी पहिल्यांदा वैतागलो, मग मोजू लागलो. सोळा मात्रा. नववीला खाली, आणि दहावी ते तेरावी, तिं तिं ता ता, या चार मात्रांत डग्गा गप्प. वर तो वाजवतच असतो, पण आमच्या छतावर तेवढ्यापुरती सुट्टी. विलंबित असेल तर चांगली चार-पाच सेकंदं मिळतात. मग पुन्हा धिं. पुन्हा चार मात्रा येणार हे ठाऊक असल्यामुळे मधल्या बाराही चालून जातात. हल्ली तो लवकर आटपतो तेव्हा मला चुकल्यासारखं होतं. नोटा मिळेनात तेव्हा मी ही अशी चिल्लर गोळा करू लागलो. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधली, लिफ्टची दोन दारं मिटल्यानंतरची.

आणि मग गेल्या गुरुवारी नोट मिळाली. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज गेली. आधी पंखा मंदावला, मग फ्रिजने एक आचका दिला आणि गप्प झाला. तो इतकी वर्षं बोलत होता हे तेव्हा कळलं. शेजारचा ब्रेकर थांबला. टीव्ही, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळं एकदम. दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे पाटीच्या वेळेतच. मी खुर्चीत बसलो. हेल्मेट खुंटीलाच होतं.

आणि एक शिट्टी येऊ लागली. बारीक, तारेसारखी, न थांबणारी.

कुकर पाहिला. फोन पाहिले. पक्षी म्हणावा तर तो दम घेईल. शोधत आईच्या खोलीत गेलो. आई ब्याऐंशीची आहे, कानाला मशीन लावते. रोज दुपारी जेवल्यावर ती ते काढते, सुपारीच्या डबीत ठेवते आणि एक ते चार निवांत पडते. घरात आवाज कमी करायचं बटण फक्त तिच्याकडे आहे. मात्र मशीन काढताना ते बंद करायला ती विसरते, आणि चालू मशीन डबीत ठेवलं की शिट्टी घालतं. ती घरात सगळ्यांना ऐकू येते, तिला सोडून.

मी डबी उचलली तशी तिने डोळे उघडले. पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"किती शांत आहे ना रे आज!" ती म्हणाली. स्वतःचं बोलणं ऐकू येत नसल्यामुळे ती हे अशा काही आवाजात म्हणाली, की समोरच्या गॅलरीतून उत्तर आलं, "हो ना, आजी!"

मी डबीचं झाकण लावून टाकलं.