अंदमानातील अव्वल कारकून

प्रवासी कंपनीबरोबर डिसेंबरात अंदमानला निघणाऱ्या कोणत्याही मराठी तुकडीत भाऊसाहेब असतातच. कधी ते निवृत्त बँक अधिकारी असतात, कधी माजी मुख्याध्यापक. आमच्या तुकडीला लाभलेले भाऊसाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले होते, आणि उभी हयात सरकारची थकबाकी वसूल करण्यात गेल्यामुळे, प्रवासासाठी भरलेली रक्कम निसर्गाकडून पै न् पै वसूल केल्याखेरीज माघारी फिरावयाचे नाही, हा त्यांचा निर्धार पोर्ट ब्लेअरला उतरतानाच मुद्रेवर उमटलेला होता. खांद्याला पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या वेष्टनात जपलेली कार्यक्रमपत्रिका, तिच्या समासात लाल शाईच्या खुणा, आणि चार पावले मागून, औषधांचा डबा व यजमानांच्या वतीने करावयाची दिलगिरी अशी दोन्ही ओझी सांभाळीत येणाऱ्या वहिनी, असा तो सरंजाम होता.

त्यांचा पहिला खटका उडाला तो प्रत्यक्ष सूर्याशी. हा द्वीपसमूह पूर्वेला इतका दूर पडला आहे, की घड्याळ हिंदुस्थानचे आणि सूर्य जवळजवळ ब्रह्मदेशाचा अशी तेथली व्यवस्था असून, आपल्याकडे कचेऱ्या सुटण्याच्या आधीच, म्हणजे डिसेंबरात पाचच्या सुमारास, सूर्यनारायण बिनदिक्कत अस्तास जातात. चिडिया टापूचा सूर्यास्त हे पत्रिकेतले ठळक कलम. परंतु वाटेत शहाळ्यांसाठी गाडी थांबली, मंडळींनी मलईही खरवडून मागितली, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा आकाशात लाली तेवढी शिल्लक होती.

"काका, लाली काय सुंदर आहे पाहा," मॅनेजर म्हणाला. हा बिचारा पोरगेलासा तरुण तुकडीतल्या सर्वच वडीलधाऱ्यांचा पुतण्या झालेला होता.

"लाली आहे हो. पण पत्रिकेत सूर्यास्त लिहिलाय," असे म्हणून भाऊसाहेबांनी पेन काढले आणि समासात शेरा नोंदविला: 'सूर्यास्त, अंशतः.'

हॅवलॉकला, म्हणजे सरकारदप्तरी आता ज्याचे नाव स्वराज द्वीप आहे त्या बेटावर, राधानगरचा किनारा आहे. 'टाइम' साप्ताहिकाने २००४ साली त्याला आशियातील सर्वोत्कृष्ट किनारा ठरविले होते, ही माहिती मिळताच, सर्वोत्कृष्ट मालाची तपासणीही त्याच मानाने कसोशीची हवी, अशा भावनेने भाऊसाहेब पाण्याकडे निघाले. विजारीच्या पट्ट्या मोजून चार घड्या घालून वर केलेल्या, चपला बगलेत, डोक्याला रुमाल, अशा थाटात ते बरोबर गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरले, तीन लाटा येऊन जाईपर्यंत उभे राहिले, "हं, झाला समुद्र," असे म्हणाले आणि परत फिरले. त्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर काहीएक न करता पडून राहावे, पाण्याचा रंग निळ्याचा हिरवा कसा होतो ते पाहावे, एवढ्याचसाठी मी इतक्या दूर आलो होतो. पण भाऊसाहेबांच्या तुकडीत रिकामे बसलेल्या माणसाची गणना गैरहजरांत होत असे. वाळूत माझी जरा समाधी लागते आहे तोच त्यांनी मला साक्षीला उठविले. तक्रार अशी होती, की राधानगर हा ७ क्रमांकाचा किनारा, आदल्या दिवशी ५ क्रमांकाचा दाखविला, मग मधला ६ क्रमांक कंपनीने कोठे दडविला? हे आकडे मुळात किनाऱ्यांचे नव्हेत, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्यांचे, आणि गोविंदनगर, विजयनगर, राधानगर ही नावेही त्या वस्त्यांचीच, असे मॅनेजरने काकुळतीला येऊन सांगितले. भाऊसाहेबांनी ते ऐकून घेतले, परंतु मान्य केले नाही.

बाराटांगला जावयाचे म्हणजे अपरात्री उठून जिरकाटांगच्या नाक्यावर मोटारींच्या रांगेत उभे राहावे लागते, कारण पुढला रस्ता जारवांच्या राखीव अरण्यातून जातो, तेथे पोलीस बंदोबस्तात ताफ्यानेच जाण्याची मुभा असून मध्ये थांबण्यास व छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे. हा नियम मला सर्वस्वी रास्त वाटतो. माणसे काही प्रेक्षणीय स्थळ नव्हेत. भाऊसाहेबांनाही तो पसंत पडला, मात्र निराळ्या कारणाने: कोठे तरी एकदाची शिस्त दिसली. पुढे चिखलाच्या ज्वालामुखीने मात्र त्यांची घोर फसवणूक केली. भेगाळलेल्या राखी चिखलाच्या उंचवट्यावर एक बुडबुडा सावकाश फुगला, फुटला, आणि पुन्हा सामसूम झाली. धूर नाही, ज्वाला नाही. "याला ज्वालामुखी म्हणायचं? आमच्या घरी पिठलं याहून जास्त उसळतं!" असे ते उद्गारले, आणि वहिनींनी शेजारच्या बंगाली कुटुंबाकडे पाहून उगाचच हात जोडले.

इतके असूनही हा मनुष्य नकोसा झाला नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. परतीच्या नौकेत समुद्र खवळला आणि भल्याभल्यांनी माना टाकल्या, तेव्हा खुर्च्यांच्या पाठी धरीत, हेलकावे खात, ओळीओळीने फिरून प्रत्येकाच्या तळहातावर आवळासुपारी ठेवणारे भाऊसाहेबच होते. सुपारी कोणाला पोचली याची यादीही त्यांनी ठेवली, ही गोष्ट अलाहिदा.

सेल्युलर जेलमध्ये त्यांच्या लाल शाईला काही सुचले नाही. १८९६ साली बांधावयास घेऊन १९०६ साली पुरी केलेली ही इमारत. तिच्या सात बाह्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत. कोलूपाशी त्यांनी टोपी काढली, आणि सावरकरांच्या कोठडीत चप्पल बाहेर ठेवून शिरले. १९११ ते १९२१ एवढा काळ हा माणूस या बेटावर कैदेत होता, हे त्यांनी नातवाच्या वयाच्या एका अपरिचित मुलाला अतिशय हळू आवाजात सांगितले. मग मात्र स्वभाव उसळून आला, आणि सागराला उद्देशून लिहिलेले ते प्रसिद्ध गीत याच गजांतून हाच समुद्र पाहताना सुचले, असे त्यांनी जमलेल्या घोळक्यास जाहीर केले. तुकडीतल्या एका प्राध्यापिकाबाई भीत भीत म्हणाल्या, "भाऊसाहेब, ते ब्रायटनचं आहे, १९०९ मधलं."

"असेल. पण तिथेही समुद्रच होता ना?" भाऊसाहेबांनी अपील तेथल्या तेथे निकालात काढले.

निघण्याच्या दिवशी विमानतळावर तपासणीच्या यंत्राने त्यांची पिशवी अडविली. आतून रुमालात बांधलेले शंखशिंपले निघाले. किनाऱ्यावरचा शिंपला, मग तो मेलेला का असेना, उचलून नेण्यास मनाई आहे, असे फलक जागोजाग होते. ते सर्व भाऊसाहेबांनी मोठ्याने वाचलेही होते.

"इसकी रसीद है?" जवानाने विचारले, कारण दुकानातून घेतलेला माल पावती दाखवून नेता येतो.

भाऊसाहेबांनी पावत्यांचे पुडके सोडले. शहाळ्यांची नोंद निघाली, नौकेचे तिकीट निघाले, सशुल्क स्वच्छतागृहाची चिठ्ठीसुद्धा निघाली. ज्याची पावती नाही असा एवढाच ऐवज त्या सबंध सहलीत त्यांच्याजवळ जमा झाला होता. "ठीक आहे, ठेवा," ते जवानाला मराठीतच म्हणाले, "पण जप्ती रीतसर झाली पाहिजे." विमानाची घोषणा होत होती, मागची रांग कुरकुरत होती, वहिनी रांगेतल्या एकेकाची क्षमा मागत होत्या, आणि भाऊसाहेब कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहीत होते: 'कवड्या लहान, नग सात. शंख, नग दोन. शिंपला फुटका, नग एक.' मग त्यांनी पेन माझ्या हातात दिले.

"पंच म्हणून सही करा. आणि नाव, वय, धंदा, राहणार कुठले, सगळं स्पष्ट अक्षरात लिहा."