अकरा हजारांचा मंगळ

भाचा : आत्या, माझा नवा नंबर सेव्ह कर. शून्य ते नऊ सगळे आकडे आहेत, एकही दोनदा नाही. अंकशास्त्रीबुवांनी काढून दिला. अकरा हजार घेतले.

आत्या : कशाचे?

भाचा : बेरीज नऊ येते. नऊ म्हणजे मंगळ. धंद्यात नुसता धडाका!

आत्या : अरे, दहाही आकडे घेतले की बेरीज पंचेचाळीस. चार नि पाच नऊ. दुसरं येणार काय?

भाचा : पण क्रम त्यांनी लावला ना!

आत्या : क्रम बदलून बेरीज बदलते होय? आपल्याकडे मोबाइल नंबर सहा, सात, आठ नाहीतर नऊनं सुरू होतो. तेवढं पाळूनही असे १४,५१,५२० नंबर होतात. सगळ्यांची बेरीज नऊ, सगळ्यांना नऊनं भाग जातो.

भाचा : बाकीच्यांनी थोडेच पैसे मोजलेत?

आत्या : हे मात्र खरं. बरं, नंबराच्या आधीचे ९१ धरले का बुवांनी?

भाचा : ते तर सगळ्यांनाच असतात.

आत्या : पंचेचाळीस नि दहा पंचावन्न. पाच नि पाच दहा, म्हणजे एक. दुबईहून फोन आला की तुझा मंगळ गेला, सूर्य आला.

भाचा : ...बुवांना विचारतो.

आत्या : विचार. त्याचे वेगळे घेतील.

भाचा : तुला शाळेत गणित शिकवायची खोड, म्हणून सगळ्याचा चोथा करतेस. आकड्यांत काहीच नसतं का?

आत्या : असतं की! देवळालीचे कापरेकर मास्तर, त्यांची १९४९ सालची रीत घे. तुझ्या नंबरातले आकडे मोठ्यापासून उतरते लिही. मग चढते लिहून वजा कर.

भाचा : ९८७६५४३२१० वजा ०१२३४५६७८९... ९७५३०८६४२१. अगं, पुन्हा दहाही आकडे!

आत्या : आता याचंही तसंच कर.

भाचा : उतरते लावले... वजाबाकी तीच की!

आत्या : तीच येत राहणार. त्या साडेचौदा लाखांतला कुठलाही नंबर पहिल्याच वजाबाकीत इथं येतो. मास्तरांची चार आकडी ६१७४ प्रसिद्ध आहे. तिथं पोचायला कधीकधी सात फेऱ्या लागतात.

भाचा : आत्या, हा नंबर विकत मिळेल?

आत्या : कशाला?

भाचा : सगळे नंबर याच्याकडे येतात, तर गिऱ्हाईकंही येतीलच ना!

आत्या : साडेअकरा झाले, तुझ्या दुकानाला अजून कुलूप आहे. गिऱ्हाईकं येऊन परत गेली असतील.