पीडी नको, खटला चालवा

हैदराबादच्या काचीगुड्यात कुणा बाईच्या गळ्यातली साखळी ओढली गेली की संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच मागणी सुरू होते : त्याच्यावर पीडी लावा! भीती खरी आहे, रागही रास्त आहे. पण पीडी, म्हणजे प्रतिबंधात्मक स्थानबद्धता (प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन), काय असते, हे मागणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावं. पोलीस आयुक्तांच्या सहीने माणूस आत जातो, तो वर्षभरापर्यंत. ना आरोप सिद्ध करायचे, ना साक्षीदारांची उलटतपासणी. स्थानबद्धता तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे जाताना सोबत वकील नेण्याचाही हक्क नाही.

पीडीचा हा कायदा संयुक्त आंध्र प्रदेशातला, 1986 चा. रोख होता हातभट्टीवाले, दरोडेखोर, गुंड आणि जमिनी बळकावणाऱ्यांवर. तेलंगणा वेगळा झाल्यावर यादीत बोगस बियाणं विकणारे आले, भेसळ करणारे, खोटी कागदपत्रं करणारे, सायबर गुन्हेगारही आले. बोगस बियाण्याने शेतकऱ्याचा अख्खा हंगाम बुडतो, हे कबूल. मग विक्रेत्याला कोर्टात उभा करा आणि शिक्षा मिळवा! तपास नीट करायचा नसतो, म्हणून हा आडमार्ग.

शेजारच्या गोशामहलचे आमदार राजा सिंह यांचंच बघा. प्रक्षोभक वक्तव्यावरून 23 ऑगस्ट 2022 ला अटक झाली, कोर्टाने कोठडी नाकारून त्याच दिवशी सोडलं. 25 तारखेला पीडी लावून त्यांना चेर्लापल्ली तुरुंगात धाडलं. त्यांची भाषणं मला विषारी वाटतात. तरीही कोर्टाने सोडलेल्या माणसाला पोलिसांनी असं पुन्हा कोंडणं चूकच होतं. उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला तोवर नोव्हेंबर उजाडला. ते आमदार होते. झोपडपट्टीतल्या पोराच्या आईने वकिलाचे पैसे कुठून आणायचे?

सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातल्या या प्रवृत्तीला घातक म्हटलं. मार्च 2024 मध्ये दागिने चोरीच्याच एका प्रकरणात पुन्हा बजावलं : चार माणसं घाबरली म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था कोसळली असं होत नाही. आदेश रद्द झाला, पण तुरुंगात गेलेले महिने कोण परत देणार?

महाराष्ट्रातल्या वाचकांनी दूरचं म्हणून सोडून देऊ नये. तिथे 1981 पासून असाच एमपीडीए कायदा आहे आणि देशभर 1980 पासून राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे रासुका.

अशा कायद्यांना आवर घालायचं एकदा ठरलंही होतं. आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्याच कायद्याखाली तुरुंग भोगलेल्यांच्याच सरकारने 1978 साली 44वी घटनादुरुस्ती केली. सल्लागार मंडळाच्या मताविना माणसाला तीन महिने डांबता येतं, ते दोनवर आणायचं आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं, असं तिच्यात ठरलं. ते कलम लागू करायला केंद्राची फक्त एक अधिसूचना लागते. जनता पक्ष, काँग्रेस, भाजप, सगळ्यांची सरकारं आली. ती अधिसूचना एकानेही काढलेली नाही.